झाड कोणी निवडायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई ६२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, नागपुरात सदरला राहतात. घर मराठी ख्रिस्ती. लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे एक रीत होती: डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी मिळून नाताळचं झाड निवडायला जायचं. सुरुवातीची वर्षं काटोल रोडला नात्यातल्यांच्या शेतावरून सुरूची फांदी यायची, पुढे सेमिनरी हिल्सकडच्या नर्सरीतून कुंडीतलं झाड. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, यजमान गेले. त्या नाताळात झाड लावलंच नाही. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. गेल्या वर्षी मुलाकडून एक लांबलचक खोकं आलं. आत सहा फुटी प्लास्टिकचं झाड, दिव्यांची माळ आधीच गुंफलेली. पसंत सुनेने केलेलं, आणि सून हिंदू घरातली. सुट्टीत आलेल्या आठ वर्षांच्या नातीला आजी म्हणाली, "चल, आपण खरं झाड आणू." नात म्हणाली, "आजी, फांदी तोडली की झाडाला लागतं ना?" बाई गप्प झाल्या. फोटो निघाले, सगळे परत गेले, आणि ६ जानेवारीला ते झाड खोक्यात भरताना त्या एकट्याच रडत बसल्या. आता दिवाळी तोंडावर आली आहे. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, झाड आहेच, ह्या वर्षी फक्त उभं करायचं." बाई विचारतात: "तीस-बत्तीस वर्षांची रीत एका खोक्यात बंद झाली. मी जुन्या वळणाची आहे, की मुलांनाच कशाचं काही वाटत नाही? ठाम नाही म्हणू, की गप्प राहू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातलं एक अख्खं पान स्कूटरवर गेलंय, आणि मी तेच पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे पाय ठेवायच्या जागेत मुलगा उभा, मागे तुम्ही, मांडीवर मुलगी, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये आडवी धरलेली सुरूची फांदी. काटोल नाक्याशी थांबून दोरी पुन्हा आवळायची. घरी आल्यावर तेलाचा रिकामा पिपा, त्यात ओली रेती, फांदी कलू नये म्हणून विटांचे तुकडे, वरून पतंगी कागद. आणि बर्फ म्हणून कापूस. तोही दुकानातल्या गुंडाळीचा नाही, त्याच शेतातला, वेचणीचा. पोरांनी गोल करून बसायचं, सरकी काढायची आणि बोटांनी पिंजायचा. नागपूरला बर्फ कुठून येणार, पण डिसेंबरात ह्या भागात कापूस मात्र घरोघरी. ते पान वाचताना तुमचा हॉल माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

म्हणून आधी एवढंच सांगते, की तुम्हाला लागलंय ते खरं आहे. "एवढ्याशा झाडासाठी काय मनाला लावून घ्यायचं" असं कोणी म्हणालं तर तिकडे लक्ष देऊ नका. पण तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही अगदी गृहीत धरल्या आहेत, त्यांच्यापाशी जरा थांबू या.

पहिली, ती तीस-बत्तीस वर्षांची रीत. तुमच्याच पत्रावरून मोजलं तर ती एक रीत नव्हतीच. आधी फांदी होती. मग त्या शेताचे प्लॉट पडले आणि कुंडी आली. २०२० साली करोनाच्या धास्तीने तुम्ही कुठेच गेला नाहीत, तेव्हा अंगणातल्या कढीपत्त्याला माळ गुंडाळून नाताळ केलात. ते लिहिताना तुमचं अक्षरसुद्धा हसरं झालंय. त्या वर्षी रीत मोडली असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. कढीपत्ता चालला आणि प्लास्टिक चाललं नाही, तर दुखणं झाडाच्या जातीत नसणार, दुसरीकडे कुठेतरी असणार.

ही रीत आपल्यापर्यंत पोचली तीही बदलतच. सजवलेल्या झाडाची चाल जर्मन मुलखातली. इंग्लंडच्या घराघरांत ती पसरली ती १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र तिथल्या साप्ताहिकात छापून आल्यावर. आणि नागपूरचं बघा. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इथे आले १८४५ मध्ये, म्हणजे त्या चित्राच्याही आधी. त्यांच्या स्कॉटिश पंथात नाताळ साजरा करण्याची फारशी चालच नव्हती; स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती थेट १९५८ साली. तुम्ही लिहिलंय, "झाडाशिवाय नाताळ कसला?" शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, झाड नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. झाड घरातल्या माणसांनी आणलं. त्यामुळे ते कसं असावं हे ठरवायचा अधिकार घरातल्या माणसांचाच आहे, आणि त्यात नातही येते.

दुसरी गोष्ट बोलायला नाजूक आहे. "आम्ही सगळे मिळून निवडायचो" असं तुम्ही पाच वेळा लिहिलंय. पण तिसऱ्या पानावर, खाली, एक ओळ सहज येऊन गेली आहे: "ह्यांना वाकडं झाड चालायचं नाही. प्रत्येक कुंडी पायाने फिरवून बघायचे, आणि शेवटी ह्यांच्या पसंतीचंच घ्यायचो."

ताई, म्हणजे तिघं सोबत जायची आणि निवडायचे ते एकटे. त्यांना दोष देत नाही. त्या काळात घराघरांत असंच होतं, आणि ती कुंडी पायाने फिरवण्यातही माया होतीच. पण मग मुलांनी निवडायला शिकायचं कधी? मुलगा स्कूटरच्या पुढे उभा राहून वर्षानुवर्षं झाड घरी आणत होता, पण कोणतं आणायचं हे त्याला कधी कोणी विचारलं नाही. गेल्या वर्षी त्या घरात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी झाड निवडलं. आणि ज्या बाईने तीस वर्षं आपली पसंती सांगितली नव्हती, तिला त्याही वेळी कोणी विचारलं नाही. मला वाटतं, खोकं दारात आलं तेव्हा तुम्हाला लागलं ते हे. झाड प्लास्टिकचं असणं त्यापुढे लहान आहे.

आणि ते खोकं कशामुळे आलं असेल? त्याच्या आदल्या नाताळात तुमच्याकडे झाड नव्हतं. मुलगा घरी आला असेल, तो कोपरा रिकामा बघून गेला असेल. वडील त्याचेही गेले आहेत. नर्सरीत जाऊन कुंड्या फिरवायला आता बाबा नाहीत, हे त्याला सोसवलं नसेल, आणि त्याने पुण्यात बसून, त्या नर्सरीची पायरी न चढता, कोपरा भरून काढायचा मार्ग शोधला असेल. हा माझा अंदाज आहे, चुकीचा असू शकतो. तुम्ही त्याला विचारूनच बघा. पण "मुलांना कशाचं काही वाटत नाही" ह्या निष्कर्षापेक्षा तो मला तुमच्या पत्राशी जास्त जुळणारा वाटतो.

सुनेबद्दल तुम्ही लिहिलंय, "ती आपल्यातली नाही, तिला काय कळणार." आणि त्याच पानावर लिहिलंय की नोव्हेंबरात तिने फोन करून विचारलं होतं, "आई, हॉलची उंची किती आहे? आणि कोपऱ्यात प्लगपॉइंट आहे का?" तुम्हाला वाटलं पडद्यांसाठी विचारतेय. तिने झाडासाठी जागा मोजून घेतली होती, ताई. तुमचा पंखा कुठे येतो, चांदणी कुठे टेकेल, वायर ओढत न्यावी लागेल का, ह्याचा विचार करून तिने ते पसंत केलं. तिच्या माहेरी झाड नसेल, पण सणाची वस्तू घराच्या मापाने आणायची हे तिला पक्कं कळतं. चुकलं एवढंच की तिने माप विचारलं आणि तुमची इच्छा विचारली नाही.

आता नात. ती जे बोलली ते शाळेत ऐकलेलं असेल, तरी प्रश्न तिचा आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. अजूनही देता येईल. सुरूची बाजूची एक फांदी नीट छाटली तर झाड मरत नाही, हे तिला सांगा. पण शहरात कोणाचीही फांदी आपण तोडून आणायची नसते, हेही सांगा. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, आणि आपल्याच आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. कुणाच्या शेतावर आधीच छाटणी झालेली असेल तर त्यातली फांदी आनंदाने आणा. आणि ती आणलीत तर नातीला तिची गंमत दाखवा: सुरूच्या ज्या हिरव्या काड्यांना आपण पानं समजतो त्या असतात बारीक डहाळ्या, पेरापेराच्या. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेराशी असलेले इवलेसे खवले. एक पेर उपटून पुन्हा जागच्या जागी बसवायचं आणि "कुठे तुटलंय, ओळख" म्हणायचं. तुम्ही शिक्षिका होतात, पुढचं मी सांगायला नको.

कुंडीतल्या झाडाविषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमची दोन झाडं मे महिन्यात वाळली आणि ते तुम्हाला अपशकुनासारखं वाटलंय. तसं काही नाही. नर्सरीत 'क्रिसमस ट्री' म्हणून मिळतं ते बहुधा अरौकेरिया. त्याचं मूळ घर म्हणजे प्रशांत महासागरातली, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ह्यांच्या मधली नॉरफोक नावाचं बेट. समुद्राची दमट, सौम्य हवा. त्याला नागपूरच्या ४५ अंशांत, पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं तर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ते टिकणार कसं? त्याला सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. मार्चपासून पूर्वेच्या बाजूला हलवा, वर हिरवी जाळी बांधा. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे उजेडाची खिडकी असेल तर तिच्याशी ठेवलंत तरी उत्तम, ती ओलसर हवा त्याला मानवते. माती कोरडी पडू देऊ नका, पण ताटलीत पाणीही साचू देऊ नका. शेंडा कधीच छाटू नका; एकदा गेला की झाड पुन्हा सरळ वर चढत नाही. नाताळात घरात दोन-तीन आठवडे पुरे, तेही खिडकीजवळ. फांद्या मऊ असतात, म्हणून जड काचेचे गोळे टाळा, कागद आणि कापूस झेपतो. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर ते उजेडाकडे वाकतं. आणि पुढेमागे जमिनीत लावायचं मनात आलं तर भिंतीलगत किंवा विजेच्या तारांखाली नको. त्याच्या बेटावर ते ५० मीटरच्याही वर जातं.

वाकण्यावरून आठवलं. ह्याच कुळातलं कुक पाइन पुष्कळदा नॉरफोकच्याच नावाने विकलं जातं. अभ्यासकांनी पाच खंडांतली २५६ कुक पाइन मोजली आणि २०१७ साली प्रसिद्ध केलं की हे झाड सरासरी आठ-साडेआठ अंशांनी विषुववृत्ताच्या दिशेला कललेलं असतं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. तुमचे यजमान जे वाकडेपण नाकारत आले ते ह्या कुळाच्या अंगातच असावं. हे त्यांना वाचून दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला लिहिताना वाटलं.

प्लास्टिकच्या झाडाबद्दल तुमचा आक्षेप असा, की "दर वर्षी तेच काढायचं, त्यात निवडायचं काय?" ह्याला उत्तर आपल्या नागपुरातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल ओढत निघतात. तो बैल कोणी दर वर्षी नवा घेत नाही. आमच्या घरचा बैल माझ्या वडिलांच्या लहानपणचा आहे. मी चौथीत असताना त्याचं डावं शिंग मोडलं, तर वडिलांनी बाभळीचा तुकडा तासून बसवला. तो रंग आजही वेगळा दिसतो. आता तो भावाची नात ओढते. पण झूल कोणती घालायची, शिंगांना बेगड कोणत्या रंगाची, गळ्यात घुंगरू किती, ह्यावर दर वर्षी नवा वाद होतो, आणि तोच खरा सण असतो. तुमच्या त्या सहा फुटी झाडाचंही असं करता येईल. त्यात गुंफलेली माळ आवडत नसेल तर ती लावू नका, दुसरी आणा. दर वर्षी एका माणसाने एक नवी वस्तू निवडायची, आणि पाळी सगळ्यांची यायला हवी, सुनेची आणि जावयाचीही. शिवाय आणलंच आहे तर ते वापरणं हेच शहाणपणाचं. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्टच्या हिशोबानुसार साधारण साडेसहा फुटी प्लास्टिकच्या झाडामागे ४० किलो कार्बन डायऑक्साइडचा भार असतो. तो फिटायला ते दहा-बारा वर्षं तरी वापरात राहायला हवं. एका वर्षात माळ्यावर टाकलं तर नातीच्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर उरणार नाही.

तेव्हा ठाम नाही म्हणण्याचीही गरज नाही, आणि गप्प तर अजिबात राहू नका. गप्प राहण्यातूनच हे सगळं इथवर आलंय. दिवाळीत मुलगा येईल तेव्हा, फोनवर नको, समोर बसवून सांगा: "गेल्या वर्षी तुम्ही झाड आणलंत, घर उजळलं. पण मला विचारलं नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं." बस, एवढंच. बाबांच्या रीतीचा दाखला देऊ नका, नाहीतर तो मान खाली घालेल आणि बोलणं तिथेच थांबेल. सुनेला त्याच्याही आधी वेगळा फोन करा. हेच झाड का पसंत केलं ते विचारा, आणि मग तिला स्कूटरचं ते पान वाचून दाखवा. तिला हे माहीतच नसेल.

दिवसाचंही बघा. दुसरा शनिवार हा शाळेच्या सुट्टीचा आणि स्कूटरच्या काळाचा हिशोब होता. आता मुलं येतात २२-२३ तारखेला. मग निवडायचा दिवस २३ करा. उशीर झाला असं मुळीच नाही; जर्मनीत झाड सजवायची जुनी चाल २४ तारखेच्या संध्याकाळचीच आहे, आणि बाळ येशूला पाहायला आलेल्या मागी लोकांच्या, म्हणजे ज्ञानी लोकांच्या, सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, ते ठेवता येतं. मुलीला बंगळूरहून यायला जमत नसेल तर नर्सरीतून तिला व्हिडिओ लावा, पण नुसतं दाखवायला नको; तिचं मत धरलं जाणार असेल तरच. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीसाठी २४ ऑक्टोबर. तारीख आत्ताच ठरवून टाका.

असं पत्र मला गणपतीच्या दिवसांतही येतं. चितारओळीत जाऊन मूर्ती पसंत करायची सवय असलेल्या घरी एक दिवस खोक्यातून मूर्ती येते. आकाशकंदील, राखी, आईची दिवाळीची साडी, सगळ्यांचं तेच. बाहेरगावी असलेल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पैसे भरायच्या आधी एक फोन करा, आणि "आई, पाठवलंय" म्हणायच्या ऐवजी "आई, काय पाठवू?" असं विचारा. आणि आई-वडिलांनी तेव्हा "काहीही चालेल" म्हणू नये. मागाहून लागतं.

आता शेवटचं. चार पानांत तुम्ही सगळ्यांची पसंती लिहिलीत. ह्यांना सरळ झाड हवं, मुलाला उंच, मुलीला घमघमणारं, सुनेला हॉलच्या मापाचं, नातीला न तोडलेलं. तुम्हाला कोणतं झाड आवडतं, हे मला कुठेही सापडलं नाही. फांदी? कुंडी? की खरं सांगायचं तर तो कढीपत्ताच? मला उत्तर पाठवायची गरज नाही. पण २३ तारखेला सगळे जमतील तेव्हा पहिली पसंती तुम्ही सांगा, मोठ्याने, आणि मग इतरांना बोलू द्या. तुमचं ऐकलं जाईलच असं नाही. एखाद्या वर्षी हराल, एखाद्या वर्षी नात हरेल.

कापसाचं मात्र आजच सांगून ठेवा. वेचणी सुरू झाली असेल. कुणाच्या शेतावरून किलोभर सरकीसकट मागवा आणि तसाच ठेवा, पिंजून ठेवू नका. सरकी काढायला नातीला आणि सुनेला सोबत बसवा.